साक्ष ॲटनबरोंची, उलटतपासणी वाचकांची

गेल्या अंकात 'डेव्हिड ॲटनबरो : अ लाइफ ऑन अवर प्लॅनेट' या माहितीपटावर लिहिलं आणि पत्रांची रीघ लागली. ज्यांच्या हाती तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२० साली आलेला हा ८३ मिनिटांचा माहितीपट. निसर्गपट करत जन्मभर प्राण्यांच्या मागे जगभर फिरलेले ब्रिटिश निवेदक ॲटनबरो वयाच्या ९३व्या वर्षी कॅमेऱ्यासमोर बसतात आणि आपल्या डोळ्यांदेखत पृथ्वीचं काय झालं याची साक्ष देतात. मधूनमधून पडद्यावर तीन आकडे येतात : जगाची लोकसंख्या, हवेतला कार्बन (दर दहा लाख रेणूंमागे किती) आणि माणसाचा हात न लागलेलं रान किती उरलं ते. १९३७ला २३० कोटी, २८० आणि ६६ टक्के. २०२०ला ७८० कोटी, ४१५ आणि ३५ टक्के. शेवटच्या अर्ध्या तासात उपाय आहेत.

मी रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर हा माहितीपट कोकणातल्या शाळांतून, ग्रंथालयांतून दाखवत फिरले. त्यामुळे तुमचे बरेच प्रश्न ओळखीचे वाटले. काहींनी मात्र मला पुन्हा पुस्तकं काढायला लावली. त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे, आकडे तपासायची सवय सुटत नाही. १९३७ साली हवेत कार्बनचं प्रमाण २८० होतं असं हा माहितीपट दाखवतो. पण २८० हा आकडा मी औद्योगिक क्रांतीच्या आधीचा म्हणून वाचला आहे. यातलं खरं कोणतं? आणि आकडाच चुकला असेल तर बाकीच्यावर विश्वास का ठेवायचा? (ठाणे)

उत्तर : तुमचं बरोबर आहे. हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे २८० रेणू, हे प्रमाण साधारण १७५०च्या सुमाराचं. १९३७पर्यंत ते ३०५ ते ३१०च्या दरम्यान पोचलं होतं. इतक्या मोठ्या चमूनं केलेल्या कामात हा आकडा तसाच राहावा याचं मलाही वाईट वाटतं.

आता १९३७ची हवा आपल्याला कशी कळते ते बघा, कारण खरी गंमत त्यातच आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८मध्ये रोजची मोजणी सुरू केली. पहिली नोंद ३१३ची होती. त्याच्या आधीच्या काळासाठी बर्फाकडे जावं लागतं. अंटार्क्टिकावर बर्फाचे थर दरवर्षी एकावर एक साचतात. वरच्या भुसभुशीत थरातून हवा खेळती असते. साधारण ५० ते १०० मीटर खाली गेल्यावर दाबानं त्याचा घट्ट बर्फ होतो आणि मधली हवा बारीक बुडबुड्यांत कोंडली जाते. तिथून लांबच लांब कांड्या छिद्रण करून काढतात, तुकडा निर्वात भांड्यात चिरडतात आणि सुटलेली हवा यंत्रात मोजतात. लॉ डोम नावाच्या जागी बर्फ भरपूर पडतो, थर जाड असतात, त्यामुळे तिथे गेल्या काही शतकांचा हिशेब बारकाईनं लागतो. आणि या बर्फातल्या हवेची शेवटची वर्षं कीलिंग यांच्या मोजणीच्या पहिल्या वर्षांशी नीट जुळतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर येतं, म्हणून मी त्यावर विसंबते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यातच आहे. २८०पासून ४१५पर्यंत १३५ची वाढ झाली. चुकीचा आकडा ती सगळी एका माणसाच्या हयातीत बसवतो. दुरुस्त केला तर त्यातली साधारण १०५ ते ११० एवढी वाढ ॲटनबरोंच्या शाळकरी वयानंतरची निघते, म्हणजे तीन चतुर्थांशापेक्षा जास्त. साक्षीदाराचं एक वाक्य ढिलं निघालं, पण साक्ष टिकते. २०२४ साली हा आकडा ४२०च्याही पुढे गेला.

शिल्लक रानाच्या टक्क्यांबद्दल मात्र मी जास्त सावध आहे. रान कशाला म्हणायचं यावर तो आकडा ठरतो. आपल्याकडे सोलापूर-नगरकडची गवताळ माळरानं सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून गेली. लांडगा, माळढोक, धाविक पक्षी यांचं ते घर. झाडं नाहीत म्हणून रान नाही, हा हिशेब मला मान्य नाही.

प्रश्न : माहितीपटाच्या शेवटी चेर्नोबिलजवळच्या ओसाड शहरात कोल्हे, घोडे, झाडं दिसतात. म्हणजे किरणोत्सर्गाची एवढी भीती बाळगायचं कारण नाही असं समजायचं का? आमच्याकडे हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. (राजापूर)

उत्तर : तुम्ही जैतापूरच्या नियोजित अणुऊर्जा प्रकल्पाच्या पंचक्रोशीतले, त्यामुळे प्रश्नाचं वजन कळतं. पण या दृश्यांतून प्रकल्पाच्या बाजूनं किंवा विरोधात पुरावा काढू नका. तेवढं ती दृश्यं सांगत नाहीत.

२६ एप्रिल १९८६च्या रात्री युक्रेनमधली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. प्रिप्यात शहरातल्या जवळजवळ ५० हजार लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारी बसमध्ये बसवून हलवलं. त्या वर्षात एकंदर एक लाख सोळा हजारांच्या आसपास लोक घरं सोडून गेले. माणूस गेला तशी शिकार थांबली, नांगर थांबला, कुऱ्हाड थांबली. बेलारूसच्या बाजूच्या बंदिस्त भागात लांडग्यांची संख्या आजूबाजूच्या अभयारण्यांच्या सातपट आढळल्याचा अभ्यास २०१५ साली आला. पण संख्या वाढली म्हणजे तब्येत चांगली असं होत नाही. पक्ष्यांवर आणि कीटकांवर वाईट परिणाम दिसल्याचे अभ्यासही आहेत आणि शास्त्रज्ञांत यावर अजून वाद आहे. त्यातून इतकंच निघतं की त्या प्राण्यांना किरणोत्सर्गापेक्षा माणसाचा शेजार जास्त जड जात होता.

मी या दृश्यांकडे आणखी एका नजरेनं बघते. तिथलं रान परत आलं त्याची किंमत कुणी मोजली? घरं सोडलेल्यांनी. आपल्याकडे कोयनेच्या, चांदोलीच्या विस्थापितांना विचारा, वाघासाठी मोकळं झालेलं रान कुणाच्या जमिनीवर उभं आहे ते. ते रान मला हवं आहे. पण त्याचं बिल कुणाच्या नावानं फाटलं हे विचारल्याशिवाय मी त्याचं कौतुक करणार नाही. हाच प्रश्न मी माहितीपटातल्या प्रत्येक उपायाला विचारत गेले, आणि पुढच्या उत्तरांतही तो येत राहील.

प्रश्न : ताई, मी घरगुती फराळाचा व्यवसाय करते. चकली, शेव, चिवडा सगळं पामतेलात तळते. माहितीपटात पामच्या लागवडीसाठी बोर्निओचं जंगल तोडलेलं आणि एकट्याच उभ्या राहिलेल्या झाडावर चढणारा ओरांगउटान बघितला आणि रडू आलं. दुसऱ्या दिवशी कढईसमोर उभं राहायची लाज वाटली. तेल बदलू का? पण शेंगदाणा तेल परवडत नाही. (सांगली)

उत्तर : ताई, लाज वाटून घेऊ नका. हे सविस्तर लिहिते, कारण असा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

आधी पामतेल आपल्या कढईत आलं कसं ते पाहू. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. मलेशिया आणि इंडोनेशियात त्याच्या मोठमोठ्या लागवडी झाल्या आणि आज जगातलं ८०-८५ टक्के पामतेल या दोन देशांतून येतं. ते सगळ्यात जास्त आयात करणारा देश आपला. वर्षाला ८०-९० लाख टनांच्या घरात. आपल्या देशात खाल्ल्या जाणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात पामचा वाटा सर्वांत मोठा. तुम्ही डबा उघडता ते पामोलीन, म्हणजे पामतेलाचा पातळ भाग. त्याला स्वतःचा वास नाही, ते कढईत लवकर काळं पडत नाही, तळलेला पदार्थ खवट व्हायला वेळ लागतो आणि स्वस्त आहे. फरसाणवाल्याला याहून वेगळं काय हवं? पण ते तुमच्या कढईपुरतं नाही. घरातला बिस्किटाचा पुडा, नूडल्सचं पाकीट, आइस्क्रीमच्या नावानं विकलं जाणारं फ्रोझन डेझर्ट यांच्या मागची बारीक अक्षरं वाचा. 'खाद्य वनस्पती तेल' लिहिलेलं असेल आणि कंसात 'पाम' किंवा 'पामोलीन'. अंगाच्या साबणातही बरेचदा तेच.

आता दुसरी बाजू, जी माहितीपटात येत नाही. एका हेक्टर पामपासून वर्षाला तीन-चार टन तेल निघतं. सोयाबीनपासून अर्धा टनही नाही. करडई, भुईमुगाचंही पामपुढे फार कमी. म्हणजे उद्या आपण सगळ्यांनी पाम सोडून सोयाबीन तेल धरलं तर तेवढ्याच तेलासाठी कितीतरी पट जमीन लागेल, आणि ती जमीन ब्राझीलमध्ये जंगल नाहीतर गवताळ प्रदेश मोडून काढली जाईल. दोष झाडाचा नाही. ते कुठे लावलं याचा आहे. पूर्वीच तुटलेल्या, पडून राहिलेल्या जमिनीवर लावलं तर गोष्ट वेगळी. उभं जंगल जाळून लावलं तर वेगळी.

आणि हा प्रश्न आता परदेशातला राहिलेला नाही. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्र सरकारनं पामतेलाचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं, ११,०४० कोटी रुपयांचं. भर ईशान्य भारतावर आणि अंदमानवर. तिथे जंगल किती आहे ते तुम्हाला माहीतच आहे. बोर्निओ बघून डोळ्यांत पाणी आलेल्या माणसानं या अभियानाच्या बातम्यांवर लक्ष ठेवावं असं मला फार वाटतं. लागवड कोणत्या जमिनीवर होते, आधी तिथे काय होतं, हे विचारणारं कुणीतरी हवं.

आपल्या भागात काय होतं तेही आठवा. सोलापूर, मराठवाड्यात करडईची शेतं होती. घाण्यावरचं करडईचं तेल, शेंगदाण्याचं तेल, जवसाची चटणी हे आपलं रोजचं खाणं. करडई काटेरी, काढणीला मजूर मिळेनात, भाव मिळेना, आणि बाहेरचं तेल स्वस्तात येत राहिलं. शेतकऱ्यानं पेरा कमी केला. करडईला दर आणि काढणीला यंत्र मिळालं असतं तर सांगलीच्या कढईत आज वेगळं तेल असतं. हे ठरतं दिल्लीत आयात शुल्काच्या टेबलाशी, तुमच्या शेगडीशी नाही.

म्हणून माझा सल्ला असा. सगळं तेल एका रात्रीत बदलून धंदा बुडवू नका. पण दिवाळीच्या ऑर्डरीत एक प्रकार शेंगदाणा तेलातला ठेवा, पाकिटावर तसं ठळक छापा, आणि जास्तीचा भाव मोकळेपणानं सांगा. घेणारे निघतात, हे मी रत्नागिरीत दोन-तीन बचत गटांच्या फराळात पाहिलं आहे. बाकी पामोलीनच राहू दे. फक्त तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. तो धोका ओरांगउटानला नाही, तुमच्या गिऱ्हाइकाला आहे.

प्रश्न : सगळ्याचं मूळ लोकसंख्या. ती आवरली की बाकी सगळं आपोआप जागेवर येईल. हे उघड बोलायला सगळे का घाबरतात? (पुणे)

उत्तर : कुणी घाबरत नाही. महाराष्ट्रात तर अजिबात नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गमावली, १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले. शंभर वर्षांपूर्वी.

आणि काम बरंचसं झालं आहे. १९९२-९३च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतात एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुलं होती. २०१९-२१च्या पाहणीत २.०, आणि महाराष्ट्रात १.७. पिढीला पिढी भरून निघायला २.१ लागतात. ते घडलं मुली जास्त शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, जन्मलेलं मूल जगेल याची खात्री आली म्हणून. माहितीपटही हेच सांगतो.

पण 'बाकी सगळं आपोआप' याला माझी हरकत आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. अमेरिकेत चौदा-पंधरा टन. १९९० ते २०१५ या काळात जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांनी निम्म्याहून जास्त उत्सर्जन केलं आणि गरीब निम्म्या जगानं सात टक्के. कमी माणसं आणि प्रत्येकाच्या दारात दोन मोठ्या गाड्या, असा हिशेब असेल तर हवेला फरक पडत नाही. मेळघाटातल्या आईला किती मुलं आहेत हे मोजण्याआधी आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून या, ही विनंती.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त इथे राहतो. माहितीपटात नेदरलँड्सच्या शेतीचं कौतुक आहे : इवलासा देश, पण अन्न निर्यातीत जगात दुसरा, कमी पाणी, कमी खत. पण इथे तर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हमरस्ते अडवतात. मग खरं काय? (आइंडहोव्हन, नेदरलँड्स)

उत्तर : दोन्ही खरं आहे. माहितीपटानं काचघरं दाखवली आणि गोठे दाखवले नाहीत, एवढंच. वेस्टलँडच्या काचघरांत टोमॅटो, ढोबळी मिरची खरोखर फार थोड्या पाण्यात निघतात. निर्यातीतला दुसरा क्रमांक किमतीच्या हिशेबानं आहे आणि त्यात फुलंही येतात, बाहेरून आणून पुढे विकलेला मालही येतो.

गोठ्यांची बाजू अशी. एवढ्याशा देशात सुमारे एक कोटी डुकरं, चाळीस लाखांच्या जवळ गाईगुरं आणि दहा कोटी कोंबड्या. त्यांच्या मलमूत्रातून अमोनिया हवेत जातो आणि नायट्रोजनच्या रूपानं माळावर, वाळूच्या टेकड्यांवर उतरतो. खतावर पोसलेलं गवत माजतं आणि तिथली मूळची नाजूक झुडपं गुदमरतात. मे २०१९मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं सरकारची नायट्रोजन परवान्यांची पद्धतच रद्द केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ट्रॅक्टर रस्त्यावर आले. शिवाय या जनावरांचा सोयाबीनचा चारा बराचसा दक्षिण अमेरिकेतून येतो, म्हणजे त्या शेतीची काही जमीन नकाशावर दुसऱ्याच देशात आहे. काचघराचं तंत्र घ्यावं, आपल्या नाशिककडच्या द्राक्ष-भाजीवाल्यांनी शेडनेट, पॉलिहाउस आणि ठिबकच्या रूपानं ते घेतलंच आहे. देशाचा अख्खा नमुना उचलू नये.

प्रश्न : आमच्या शाळेनं यंदा हजार झाडं लावायचं ठरवलं आहे. कोस्टा रिकासारखं जंगल होईल का? (अहिल्यानगर)

उत्तर : कोस्टा रिकात जंगल देशाच्या तीन चतुर्थांशावरून १९८०च्या दशकात चतुर्थांशावर आलं होतं, आता निम्म्याहून जास्त आहे. पण तिथे नुसत्या वृक्षारोपणानं हे झालं नाही. १९९६च्या कायद्यानं जंगल तोडायला बंदी आली, आणि जमीन राखणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी पैसे मिळू लागले. ते पैसे इंधनावरच्या करातून. पेट्रोल भरणारा देतो, रान राखणारा घेतो. आपल्याकडे २०१९ साली एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प होता. रोप लावायला फोटोपुरती माणसं मिळतात. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे आधी ठरवा आणि झाडं शंभरच लावा. आणि गवताचा माळ असेल तर तिथे लावूच नका.

प्रश्न : आमची हर्णैला होडी आहे. पलाऊ देशानं समुद्रात मासेमारी बंद केली आणि मासे वाढले असं माहितीपटात आहे. आमच्याकडे असं केलं तर आम्ही खायचं काय? आणि बंदी पाळणारे आम्हीच, प्रखर एलईडी दिवे लावून रात्री मासे ओढणारे मोकळे. (हर्णै, दापोली)

उत्तर : भाऊ, तुमचा राग योग्य आहे.

पलाऊची गोष्ट पूर्ण ऐका. लोकसंख्या १८ हजारांच्या आसपास, आणि समुद्र सहा लाख चौरस किलोमीटर. २०१५ला कायदा केला, १ जानेवारी २०२०पासून ८० टक्के समुद्र मासेमारीला बंद. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पर्यटक शंभर डॉलर पर्यावरण शुल्क भरतो. बंद झालेल्या पाण्यात मासे धरणाऱ्या मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या बोटी होत्या. तरी तिथेही बंदी सैल करा अशी मागणी होतेच. आपल्या किनाऱ्यावर एका तालुक्यात पलाऊपेक्षा जास्त माणसं राहतात आणि कित्येकांची चूल समुद्रावर पेटते. तेव्हा पलाऊ उचलून हर्णैला ठेवता येणार नाही. मालवणला १९८७ साली २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य कागदावर आलं आणि मच्छीमारांचा विरोध आजवर मावळलेला नाही. विश्वासात न घेता आखलेली रेघ पाण्यावर टिकत नाही.

पण त्यामागचं शास्त्र तुमच्या कामाचं आहे, आणि तुम्हाला ते माझ्याआधी माहीत आहे. गाबोळी भरलेली सुरमई कापली की आत किती अंडी असतात ते कोळणीला सांगावं लागत नाही. आता हे बघा : मादी वजनानं दुप्पट झाली तर अंडी दुपटीपेक्षाही जास्त होतात. एक मोठी जुनी मादी चार लहान माद्यांवर भारी. बंद ठेवलेल्या पाण्यात अशा मोठ्या माद्या टिकतात आणि त्यांची पिल्लं हद्द ओलांडून तुमच्या जाळ्याकडे येतात. आपल्या वाडवडिलांनी पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचा रिवाज पाळला तो बरेचसे मासे अंडी घालतात त्या ऋतूत. आता १ जूनपासूनची सरकारी बंदीही त्याच काळात येते. पापलेटला २०२३मध्ये राज्य मासा घोषित केलं तेही सातपाटीसारख्या बंदरांतल्या लोकांनी लहान पापलेट मारू नका म्हणून वर्षानुवर्षं ओरड केल्यानंतर.

पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवाच घेरून ओढणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, राज्यात २०१६पासून निर्बंध आहेत, एलईडी दिव्यांवर २०१७पासून केंद्राची बंदी. म्हणजे नियम आहे. रात्री समुद्रात जाऊन तो लागू करणारी पुरेशी वेगवान गस्ती बोट आणि तिच्यावर ठाम माणसं हवीत. तुमच्या मच्छीमार सोसायटीनं मागणी करायची ती याची : गस्तीचे दिवस, पकडलेल्या बोटी आणि वसूल झालेला दंड दर महिन्याला बंदरावरच्या फळ्यावर लिहा. माहितीपटातल्या समुद्राच्या दृश्यांपेक्षा तो फळा हर्णैच्या माशाला जास्त वाचवेल असं मी मनापासून म्हणते.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेत हा माहितीपट दाखवला. २०३० मध्ये काय होईल, २०८० मध्ये काय होईल असं त्यात होतं. २०८० मध्ये मी म्हातारी असेन. रात्री झोप लागत नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या घाबरायचं नाही. पण भीती वाटते. (परभणी)

उत्तर : बाळ, भीती वाटणं बरोबर आहे. तू नीट लक्ष देऊन बघितलंस म्हणून वाटली. पण तो भाग नीट आठव. ॲटनबरो सांगतात ते 'आपण असेच वागत राहिलो तर' काय होईल ते. तसं वागायचं की नाही हे अजून ठरायचं आहे, आणि याआधी लोकांनी वेगळं ठरवल्याची उदाहरणं आहेत.

त्यातलं एक सांगते. देवमासे मारून त्यांचं तेल काढायचे. दक्षिण अटलांटिकच्या पश्चिम भागात कुबड्या देवमासा ४५०च्या आसपास उरला होता. १९७०मध्ये रॉजर पेन या शास्त्रज्ञानं समुद्रात ध्वनिमुद्रित केलेली देवमाशांची गाणी लोकांनी ऐकली, मोहिमा झाल्या, आणि १९८२ला आंतरराष्ट्रीय आयोगानं धंद्यासाठी देवमासे मारणं थांबवायचं ठरवलं. १९८६पासून ते लागू झालं. २०१९चा अभ्यास सांगतो की त्याच भागात आता २५ हजारांच्या जवळ आहेत. रवांडाच्या बाजूचे डोंगरी गोरिला ॲटनबरोंनी १९७८च्या सुमाराला पाहिले तेव्हा तीनशेच्या आसपास उरलेत असं वाटत होतं. २०१८मध्ये युगांडातले धरून हजारावर मोजले गेले. तिथे रोज डोंगर चढून पहारा देणारे वनरक्षक आहेत. त्यांना पगार मिळतो, त्यांच्या गावांना पर्यटनातला वाटा मिळतो.

आमच्या कोकणात वेळास गावी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी चोरून विकली जायची. २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. पहाटे किनाऱ्यावर मादीच्या पायांची खूण शोधायची, खड्ड्यातली शंभरेक अंडी अलगद काढायची, तेवढ्याच खोलीचा खड्डा कुंपणात करून त्यात ठेवायची. दीड-पावणेदोन महिन्यांनी वाळू हलते आणि वरच्या टोपलीखाली पिल्लं दिसतात. ज्या घरांतून अंडी विकली जायची त्याच घरांत आता पाहुणे उतरतात, जेवतात, पैसे देतात.

तू परभणीत काय करू शकतेस? तुमच्याकडे पाणी हा मोठा प्रश्न. तुझ्या गल्लीत किंवा गावात एखादी विहीर असेल तर दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोज आणि वहीत लिही. शेजारी पाऊस किती झाला ते लिही. हे दहावीपर्यंत कर. मग ती वही भूगोलाच्या बाईंना दाखव आणि मलाही पाठव, मी इथे छापेन. आणि झोपायच्या आधी हा माहितीपट पुन्हा बघू नकोस.

प्रश्न : आमच्या बचत गटाला दाखवायचा आहे. पण इंग्रजी कुणालाच येत नाही. (देवरुख)

उत्तर : अवश्य दाखवा. सलग लावू नका. मी तीन तुकडे करते : सुरुवातीचं ओसाड शहर, मग बोर्निओ आणि समुद्र, मग कोस्टा रिका आणि पलाऊ. प्रत्येक तुकड्याआधी पाच मिनिटं मराठीत सांगायचं आणि मग आवाज बारीक करून चित्र बघू द्यायचं. आकडे फळ्यावर मोठ्या अक्षरात आधीच लिहून ठेवा, १९३७चा कार्बन दुरुस्त करून. भविष्यातल्या संकटांचा भाग गटाला दाखवला नाही तरी चालेल, उपायांचा नक्की दाखवा, त्यावरच बायका सर्वांत जास्त बोलतात. वीज जाण्याच्या वेळा बघून तास ठेवा. पाटीवर लिहून ठेवलेले माझे मुद्दे हवे असतील तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, पोस्टानं पाठवते.